पाकिटावरची इंदूअक्का

टेंभुर्णीला गाडी चहाला थांबली, मी पाय मोकळे करायला खाली उतरले, तर टपरीच्या दोरीला इंदूअक्का लटकलेली. म्हणजे तिचा फोटो. शेंगाचटणीच्या पाकिटांची लांबलचक माळ आणि प्रत्येक पाकिटावर कपाळभर कुंकू लावून हसणारी ती. खाली लाल अक्षरांत छापलेलं, 'अक्काच्या मायेची चव'.

वाचलं आणि माझं टाळकंच सरकलं.

टपरीवाला म्हणाला, "घ्या की ताई, लई खप हाय ह्या चटणीला. सोलापूरची म्हातारी हाय, वारली आता. लई मायाळू होती म्हणं."

"कोण म्हणतं?" मी विचारलं. तो बिचारा पाकीट उलटंपालटं करून बघायला लागला. त्याचा काय दोष? मी चहा अर्धा टाकून गाडीत जाऊन बसले.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही नका बोलू. मी बोलणार आहे. आणि तोंडावर जन्मभर तिला अहो-जाहो केलं, तेवढं पुरे झालं. इथे मी तिला 'ती'च म्हणणार.

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि तिचं घर समोरासमोर. मधे एक रिक्षा जेमतेम जाईल एवढा रस्ता. तिच्या पुढच्या खोलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा चालायचा. गल्लीतल्या चार-पाच बाया तिच्याकडे कामाला. सकाळपासून भाकरी थापल्याचा आवाज, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आणि या सगळ्यावर अक्काचा आवाज. तिला हळू बोलता येतच नव्हतं. तिच्या घरात काय बोलणं चाललंय ते आम्हाला आमच्या मोरीत ऐकू यायचं.

तिचं बोलणं म्हणजे काय, तर माणसाचं अंग. दुसरा विषय नाही. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाच्या सुनेचा कंबरपट्टा बसेना, कुणाचा पोरगा म्हणजे नुसता हाडांचा सापळा. गल्लीतल्या एकाही पोराला तिनं त्याच्या नावानं हाक मारली नाही. मी काडी. कोपऱ्यावरच्या घरातला पोरगा टमरेल. आणि माझी धाकटी बहीण पल्लवी, ती गुळाची ढेप. पल्लवी लहान असताना आईला त्याचं कौतुक वाटायचं. गोड आहे म्हणून ढेप म्हणते, असं आई सांगायची. गोड कसलं डोंबल.

समोर कुणी आलं की ती आधी त्याचा दंड धरायची. अंगठा आणि बोट यांच्यामधे दंडाचं मांस पकडून दाबून बघायची, मंडईत वांगं दाबून बघतात तसं. मग निकाल द्यायची. "सुटलीस की गं." नाहीतर, "खायला घालतात का न्हाय तुला घरी?" कुणी तोंड पाडलं तर तिचं ठरलेलं वाक्य होतं, "मी तोंडावर बोलते बाई. माझ्या पोटात काय न्हाय." तिच्या पोटात काही नव्हतं हे अगदी खरं. जे काय होतं ते सगळं आमच्या पोटात येऊन बसलं होतं.

आणि तिच्या दारात काटा होता. शेंगदाण्याची पोती मोजायचा, लोखंडी पाटाचा, वर लाल आकडे दाखवणारा. त्या आकड्यांचं तोंड रस्त्याकडे. आम्ही शाळेतून आलो की ती हाक मारायची, "ये की गं, चढ बघू." नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणजे होती, पण मग ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "भ्याली बघा! काटा मोडंल म्हणून भ्याली!" त्यापेक्षा चढलेलं बरं. चढलं की ती आकडा मोठ्यानं वाचायची आणि कामाच्या बायांना विचारायची, "काय गं, पोतं भरलं का?" बाया हसायच्या. त्यांना पोट भरायचं होतं, त्या हसणारच. पण आमची आईसुद्धा आमच्या दारातून हसायची, ते मात्र मला लागायचं.

स्वतः ती त्या काट्यावर चढलेली मी कधी पाहिली नाही. चांगली ऐसपैस बाई होती. पण तिला कोण म्हणणार, अक्का, चढा की?

बरं, वर खाऊ घालायची हीच. संक्रांतीला, नागपंचमीला ताट वाढून आग्रह असा की विचारू नका. "घे गं, लाजतीस काय, अजून एक घे." ताटात पोळी पडायची, त्यावर तुपाची धार पडायची. पल्लवीनं घास तोंडात घातला की लगेच आजूबाजूच्या बायांना डोळा घालून म्हणायची, "बघितलं का, आपल्या ढेपेला भूक कशी लागती!" आता त्या पोरीनं तो घास गिळायचा की थुंकायचा? पल्लवी मान खाली घालून गिळायची. मी समोर बसून बघायचे. माझ्या ताटाकडे बघून अक्का म्हणायची, "काडे, तू चार घास जास्त खा, तिचं दोन कमी कर."

पल्लवी आठवीत असताना गल्लीच्या गणपती मंडळानं मुलींचं लेझीम पथक काढलं. आमच्या सोलापुरात लेझीम म्हणजे चेष्टा नाही, महिना-महिना सराव असतो. आणि पल्लवी काय खेळायची! अंगानं भरलेली पोर, पण पाय इतका हलका पडायचा की शिकवणारे दादा तिलाच पुढे उभी करायचे. बाकीच्या मुली तिच्याकडे बघून पावलं टाकायच्या. घरी आली की ताट घासता घासतासुद्धा तिचे खांदे ठेक्यात हलायचे. मला तर वाटतं, त्या महिन्यात ती आपल्या अंगावर खूश होती. तेवढी खूश मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

मिरवणुकीच्या दिवशी पथक आमच्याच चौकात, गणपतीच्या मांडवासमोर थांबलं. अक्का पहिल्या रांगेत, खुर्ची टाकून. हलगी कडाडली, पोरींनी खाली बसून उडी घेतली आणि हलगी नेमकी थांबली तेवढ्यात अक्का ओरडली, "ढेपे, हळू गं! वर्गणीचा मांडव हाय, पडंल!"

सगळा चौक हसला. हलगीवालासुद्धा हसला. पल्लवीनं पुढचं पाऊल टाकलं, पण ते चुकलं. मग त्याच्या पुढचंही चुकलं. मिरवणूक संपेपर्यंत ती शेवटच्या रांगेत गेली होती. घरी येऊन तिनं लेझीम खुंटीला अडकवली, ती कायमची. आई म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? अक्काचा स्वभावच तसा." या स्वभावाच्या नावाखाली माणसं काय काय खपवतात, देव जाणे.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर पल्लवीला डेंगी झाला. दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्तातल्या पेशी उतरत चाललेल्या, बाबांचा चेहरा पांढरा पडलेला. आता हेही सांगते, लपवणार नाही, की त्या दिवसांत अक्का रोज दवाखान्यात यायची. मऊ भात कालवून आणायची. पल्लवीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं भरवायची. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते मी पाहिलंय. आणि तिथंच, खाटेशेजारी, हात जोडून ती म्हणाली, "आई अंबाबाई, पोर चालत घरी येऊ दे. येत्या नवरात्रात तुझ्यासमोर तिची गूळतुला करीन."

पोर चालत घरी आली. आईनं अक्काचे पाय धरले. मला वाटतं तिथंच आमच्या घरानं पल्लवीला अक्काच्या हवाली केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवस फेडताना माणसाला तराजूच्या एका पारड्यात बसवतात आणि दुसऱ्यात त्याच्या वजनाचा गूळ ठेवतात. पारडी सारखी झाली की नवस फिटला, मग तो गूळ प्रसाद म्हणून वाटतात. तान्ह्या बाळाची तुला असेल तर सगळ्यांना मजा वाटते. नववीतल्या मुलीची, आणि तीही लहानपणापासून जिला ढेप म्हणतात अशा मुलीची तुला भर देवळात करायची, हे त्या बाईच्या डोक्यात तरी कसं आलं? पण तिला त्यात वावगं काही दिसलंच नाही. तिला खरंच वाटत होतं की ती लई मोठं काम करतेय.

श्रावणात तिनं पल्लवीला दारातल्या काट्यावर चढवलं. "गूळ किती लागंल बघू दे." आकडा बघितला, कपाळावर हात मारला आणि आतल्या खोलीतल्या आपल्या मुलाला, महेशला, हाक मारून म्हणाली, "म्हेश, गूळवाल्याला सांगून ठेव रं, ढेपा लई लागतील! आमची ढेप काय साधीसुधी न्हाय!"

त्या दिवसापासून पल्लवीनं जेवण सोडलं.

आम्हाला ते लगेच कळलं नाही. "मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं," "श्रावण सोमवार आहे," "पोट दुखतंय," असं रोज काहीतरी असायचं. भादव्यातल्या उन्हाच्या काहिलीतसुद्धा ती अंगावर मोठी ओढणी गुंडाळून फिरायची. आरशाला टॉवेल टाकायची. एक दिवस मी तिच्या दप्तरात कंपास शोधत होते, तर तळाशी भाकरीचे तुकडे सापडले, बुरशी आलेले. मी तिला विचारलं. ती आधी भांडली, मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ताई, देवीसमोर तरी मला हलकं व्हायचंय. तू आईला सांगू नकोस."

मी सांगितलं. लगेच सांगितलं. आई म्हणाली, "देवाचं काम आहे गं, त्यात असं मनात आणू नये. गूळतुला झाली की खाईल." मग मी तडक समोर गेले. अक्का शेंगदाणे पाखडत होती. मी म्हणाले, "अक्का, गूळतुला नका करू. पल्लवी जेवत नाहीये. घरच्या घरी गूळ वाटू या की."

तिनं सूप खाली ठेवलं. "नवस हाय त्यो, चेष्टा हाय व्हय? देवी कोपली म्हंजे? आन् चार दिस न्हाय जेवली तर वाळत न्हाय ती, तू कशाला काळजी करतीस." आणि माझा दंड धरून दाबला. "तुलाच बसवायची हुती, गूळ वाचला असता."

बाया हसल्या. मी हात झटकून घरी आले. त्या दिवशी मी तिला जे मनात शिव्या दिल्या, त्या लिहायच्या नसतात.

तुलेच्या दिवशी देवळाच्या मंडपात मोठा तराजू टांगला होता, साखळ्यांना दोन लाकडी पारडी. अक्का हिरवी इरकल नेसून, नाकात नथ घालून सगळीकडे मिरवत होती. आमच्या गल्लीतली एक रीत आहे. देवीच्या पारड्यात एकदा ठेवलेली ढेप परत उचलायची नाही. देवीला दिलेलं मागे घेणं म्हणजे अपशकुन. म्हणून शहाणी माणसं आधी माणूस बसवतात आणि मग एकेक ढेप ठेवतात. पण अक्काला आपल्या काट्याचा आणि आपल्या डोळ्याचा गर्व. "मी बघितलंय तिचं वजन, रच रं म्हेश," म्हणून तिनं श्रावणातल्या आकड्याएवढा सगळा गूळ आधीच पारड्यात चढवायला लावला. ते पारडं जमिनीला टेकलं. वर म्हणते कशी, "आता ढेपेसमोर ढेपा!"

पल्लवीला स्टुलावर चढवून दुसऱ्या पारड्यात बसवलं. आईची पैठणी नेसलेली, केसांत गजरा, ओठ कोरडे पडलेले. स्टूल काढलं. पारडं किंचित खाली आलं आणि तसंच अधांतरी लटकलं. पल्लवीचे पाय हवेत.

सुरुवातीला काहीजण हसले. मग कुणी हसेना. दोन महिन्यांत ती पोर किती झिजली होती, ते ओढणीच्या आत आम्हालासुद्धा दिसलं नव्हतं. ते आता सगळ्या गावासमोर लटकत होतं.

महेश एक ढेप उचलायला वाकला, तर गुरव म्हणाला, "हात लावू नका. काढता यायचं न्हाय."

मंडपात सगळे चुळबुळ करायला लागले. अक्कानं इकडेतिकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ही बाई तोंडात मारल्यासारखी गप्प होईल, पोरीला खाली उतरवेल, पोटाशी धरेल. तिनं काय केलं सांगू? ती पुढे झाली, पल्लवीच्या पारड्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि अंगाचा भार टाकून ते पारडं खाली दाबलं. दोन्ही पारडी सारखी झाली. "झालं बघा! फिटला नवस!" ती ओरडली. "आन् बघा गं बायांनो, माझ्या बोलण्याचा गुण आला का न्हाय? कशी शेंगेवानी झाली पोरगी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. देवाशप्पथ.

अक्कानं हात काढला, तसं पारडं परत वर उडालं. पल्लवीनं साखळी धरली, आणि तिचा हात सुटला. ती खाली पडली ती गुळाच्या पारड्याला डोकं आपटून. कपाळावर खोक पडली, शुद्ध गेली. बाबांनी तिला उचललं तेव्हा ते रडत म्हणाले, "हिला वजनच नाही गं राहिलं."

दवाखान्यात सलाईन, रक्त, सगळं झालं. मग तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी पल्लवीशी आठवड्यामागून आठवडे बोलून घेतलं, आणि आईबाबांना एकच सांगितलं, "तिचं काट्यावर चढणं आणि घरातली तोंडं, दोन्ही बंद करा." आई त्या खोलीत बसून खूप रडली. आपण दारात उभं राहून हसायचो, हे तिचं तिलाच आठवलं असावं.

पल्लवी घरी आली त्याच दिवशी अक्का आली. हातात पातेलं. त्या तुलेच्या गुळाचा शिरा! आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. आमची आई, जिनं आयुष्यात कुणाला दारातून परत लावलं नव्हतं, ती म्हणाली, "अक्का, आत येऊ नका."

"अगं पर मी काय वाईट केलं? मायेनं बोलते मी. माझ्या पोटात काय—"

"तुमच्या पोटात काही नसू दे. माझ्या पोरीच्या पोटात दोन महिने काही नव्हतं," आई म्हणाली आणि दार लावलं.

अक्का पातेलं घेऊन पायरी उतरली. मग तिनं तो शिरा गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला आणि सगळ्यांना सांगितलं की आम्ही कृतघ्न आहोत. गल्लीतल्या एका म्हातारीनं मला पुढे कधीतरी सांगितलं की अक्का सून म्हणून आली तेव्हा तिची सासू तिला 'म्हैस' म्हणून हाक मारायची. असेल. मग हिला तर आमच्या आधी कळायला हवं होतं की ते किती झोंबतं. मला नाही त्याची दया येत.

पल्लवीला सावरायला वेळ लागला. घरात ती जेवायला लागली, पण परक्या माणसासमोर घास उचलेना. लग्नात ताट घेऊन मंडपाच्या मागे जायची, नाहीतर उपाशीच परत यायची. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, घाई करू नका, एक दिवस तिची ती चारचौघांत जेवायला बसेल. आम्ही वाट बघत होतो.

ती बारावीत गेली तेव्हा अक्काला साखरेनं धरलं. बघता बघता ती वाळली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दारातून जाणाऱ्या बाया तिला तोंडावर म्हणायच्या, "काय हो अक्का, पार काटकुळ्या झाला!" ती पदर ओढून दंड झाकायची. मला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

एक दिवस महेश आमच्याकडे आला. म्हणाला, "आई सारखी ढेपेला बोलवा म्हणतीय." मग जीभ चावून म्हणाला, "पल्लवीला." मी नाहीच म्हणणार होते. पण पल्लवी चप्पल घालून उभी. "चल ताई. मला बघायचंय, जमतंय का."

अक्का पुढच्या खोलीत खाटेवर होती. काटा कोपऱ्यात ढकललेला, त्यावर रिकामी पोती टाकलेली. बाया नेहमीसारख्या भाकरी थापत होत्या. पल्लवी आत आली, चांगली भरलेली, कपाळावर त्या खोकेचा व्रण. अक्कानं हात पुढे केला. "ये. दंड बघू."

पल्लवीनं दंड दिला नाही. ती समोर पाटावर बसली.

"किती झालं गं वजन?"

"माहीत नाही, अक्का."

"माहीत न्हाय म्हंजे? काट्यावर चढलीच न्हाईस?"

"नाही."

अक्काला ते काही केल्या समजेना. तेवढ्यात तिच्या सुनेनं आमच्यापुढे ताटल्या आणून ठेवल्या. कडक भाकरी, चटणी, दही. मी पल्लवीकडे बघितलं. पल्लवीनं भाकरी मोडली, चटणीत दही कालवलं आणि खायला लागली. सावकाश, मांडी घालून, अक्काच्या पुढ्यात. अक्का डोकं उशीवरून उचलून तिच्या हाताकडे बघत होती. हात ताटलीत गेला की तिची नजर ताटलीत, तोंडाकडे गेला की तोंडाकडे. पहिली भाकरी संपली. पल्लवीनं दुसरी घेतली.

"दुसरी बी घेतलीस व्हय?" अक्का म्हणाली.

"हो," पल्लवी म्हणाली. "चटणी मस्त झालीय. अजून वाढा की."

अक्कानं बायांकडे बघितलं. मग सुनेकडे, मग माझ्याकडे. डोळा घालायच्या तयारीत तिचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं. कुणीही हसलं नाही. सून उठली आणि पल्लवीच्या ताटलीत चटणी वाढून परत आपल्या जागी जाऊन बसली. अक्का अजून आमच्या तोंडांकडे बघतच होती, आणि पल्लवी जेवत होती.